‘ते एन्क्रिप्टेड असतं हो काकू’

मावशीबरोबर पोलीस ठाण्यात गेले होते. भर दुपार, डोक्यावर पंखा घरघरत होता, टेबलावर पिवळ्या फायलींची चळत आणि तिच्यावर पेपरवेट म्हणून ठेवलेलं जुनं कुलूप. मावशी प्लास्टिकच्या खुर्चीत अगदी कडेला बसलेली, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. ‘डिजिटल अरेस्ट’ हा प्रकार आता कुणाला सांगायला नको. पार्सल, त्यात म्हणे ड्रग्ज, खाकी शर्टातला माणूस, मागे सीबीआयचा बोर्ड, रात्रभर चालू ठेवायला लावलेला व्हिडिओ कॉल आणि ‘पडताळणीसाठी’ वळते करायला लावलेले पैसे. उभं आयुष्य शाळेत गणित शिकवलेल्या माझ्या मावशीच्या बाबतीत यातलं सगळं जसंच्या तसं घडलं. समोरचे अधिकारी चांगले होते. आवाज न चढवता विचारत होते, मावशी अडखळली की थांबत होते. सगळं लिहून झाल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, “व्हॉट्सॲपचं आम्हाला काही मिळत नाही. ते एन्क्रिप्टेड असतं हो काकू.” मावशीने मान हलवली. शब्द तिला कळला नसावा, पण बोलणं इथे संपलं एवढं तिला नीट कळलं.

तो शब्द मला मात्र चांगला माहीत होता. गेली कित्येक वर्षं मी त्या शब्दाच्या बाजूने बोलत आले आहे. लेखांतून, नातेवाइकांच्या घोळक्यात, दिवाळीला जमलेल्या भाच्यांसमोर. बळकट एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय कुणाला वाचताच येणार नाही असा मजकूर कुलूपबंद करणं, ही सामान्य माणसाच्या हाती आलेली दुर्मीळ ताकद आहे आणि ती कुणालाही काढून घेऊ देऊ नये, असं मला मनापासून वाटतं. आणि त्या दुपारी तोच शब्द टेबलाच्या पलीकडे जाऊन बसला होता, माझ्या मावशीच्या विरोधात. तिच्या पर्सवरच्या हातांकडे बघताना एक क्षण मला वाटलं, फोडा ते. काय असेल ते तोडा, पण त्या माणसाला शोधा.

घरी आल्यावर आम्ही दोघी तिचा फोन घेऊन बसलो. वकिलांनी सगळं कागदावर मांडायला सांगितलं होतं. तेव्हा ते वाक्य मला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने टोचायला लागलं. कारण मावशीच्या फोनमध्ये सगळं होतं. प्रत्येक संदेश, वेळेसकट. ज्या नंबरांवरून कॉल आले ते नंबर. सीबीआयचं चिन्ह लावलेला प्रोफाइल फोटो. न्यायालयाचा खोटा शिक्का मारलेलं पत्र. ज्या खात्यांत पैसे गेले त्यांचे क्रमांक, आयएफएससी कोडसकट. एन्क्रिप्शनने यातलं एक अक्षरही लपवलं नव्हतं. लपवणार तरी कसं? या एन्क्रिप्शनमध्ये संदेश दोन टोकांना उघडा असतो आणि मावशी स्वतः त्यातलं एक टोक होती. दुसऱ्या टोकाचा मजकूर फोडूनही पोलिसांच्या हाती तिच्या फोनमध्ये होतं त्यापेक्षा जास्त काय लागलं असतं? हवं होतं ते वेगळंच. ती खाती कुणाच्या नावावर आहेत, कुणी ती भाड्याने दिली, पैसे पुढे कुठे पांगले, ती सिमकार्डं कुठल्या दुकानातून कुणाच्या आधारवर उचलली. हे सगळं बँका आणि टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदींत असतं. व्हॉट्सॲपकडूनही खातं कधी उघडलं, कुठल्या आयपी पत्त्यावरून चाललं ही माहिती कायदेशीर मार्गाने मागता येते. त्यासाठी लागते ती नोटीस, पाठपुरावा, दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांना फोन आणि वेळ. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर पहिल्या तासाभरात फोन झाला तर पैसे मधल्या खात्यात गोठवता येतात. मावशीने तो केला नव्हता, कारण ‘कुणाला सांगाल तर अटक होईल’ या धाकात ती रात्रभर कॅमेऱ्यासमोर बसून होती.

त्या अधिकाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांच्या टेबलावरची चळत मी बघितली आहे.

पण मावशीचं नाव या विषयात आलं की मला आणखी एक दुपार आठवते. आमच्याकडे तेव्हा फोन नव्हता. शेजारच्यांचा नंबर आम्ही ‘पीपी’ म्हणून सगळ्यांना दिलेला. फोन आला की त्यांचा मुलगा जिन्यातून हाक मारायचा आणि ज्याचा असेल तो धावत जायचा. त्यांच्या हॉलमध्ये शोकेसशेजारी तिपाईवर तो काळा फोन, त्याच्यावर क्रोशाचं झाकण, रिसीव्हरला हेअर ऑइलचा वास. तुम्ही बोलायला लागलात की टीव्हीचा आवाज कमी व्हायचा. ते सौजन्य होतं, आणि अर्थातच सगळ्यांना सगळं ऐकूही जायचं. मावशी तेव्हा आमच्याकडे राहायला होती. एका दुपारी तिला डॉक्टरांचा फोन आला. मी तिच्या पदराला धरून शेजारी उभी होते. ती म्हणत होती, “हो. बरं. हो, कळलं. नाही, तसं काही नाही. बरं.” शेजारच्या काकूंनी चहा घेणार का विचारलं, तिने हसून नको म्हटलं. जिना चढून घरी आली, स्वयंपाकघरात गेली, दार लोटलं आणि आईला सांगितलं की गाठ साधी नाही. पुढे ती बरी झाली. पण त्या दिवशी डॉक्टरांना तिला जे विचारायचं होतं त्यातलं एकही वाक्य तिला विचारता आलं नाही. ‘लपवण्यासारखं काही नसेल तर भीती कशाला’ असं कुणी म्हणालं की मला तिचं ते ‘बरं’ ऐकू येतं. तिने कोणता गुन्हा केला होता?

आम्हा मुलींना च ची भाषा शिकवली तीही मावशीनेच. पाण्याला ‘चणीपा’, मलाला ‘चलाम’. आम्हाला वाटायचं की आता घरात कुणाला काही कळणार नाही. आजी शेंगा सोलत बसलेली असायची आणि आमचा चिंचा पाडायला जायचा बेत पूर्ण ठरला की मान वर न करता म्हणायची, “चलाहीम चार आणा.” तिच्या लहानपणीही तीच भाषा होती. आपल्याकडे इंटरनेट आलं तेव्हा सरकारने लोकांना जी गुप्तता देऊ केली ती साधारण याच जातीची होती. इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या परवान्यात अट होती: परवानगीशिवाय ४० बिटपर्यंतचीच किल्ली वापरा, त्याहून मोठी हवी असेल तर परवानगी घ्या आणि उलगडायची किल्ली आमच्याकडे जमा करा. ४० बिट म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी शक्यता. माणसाला हा आकडा प्रचंड, संगणकाला किरकोळ. अमेरिकेत १९९७ च्या जानेवारीत इयन गोल्डबर्ग या विद्यार्थ्याने बर्कली विद्यापीठातले संगणक एकत्र जोडून ४० बिटचं कोडं साडेतीन तासांत सोडवलं होतं. आणि इकडे २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने इंटरनेट बँकिंगसाठी किमान १२८ बिट सुचवले. ते बरोबरच होतं, कारण १२८ बिट म्हणजे ३४ वर ३७ शून्यं एवढ्या शक्यता, आणि त्या एकेक करून तपासायला जगातले सगळे संगणक लावले तरी पुरे पडणार नाहीत. एकाच देशात एक कागद म्हणत होता कमकुवत ठेवा, दुसरा म्हणत होता मजबूत करा. पैशांच्या बाबतीत मजबुतीची बाजू जिंकली. माणसांच्या बोलण्याच्या बाबतीत तो वाद अजून चालू आहे.

हे गणित मला फार सुंदर वाटतं, आणि इथे थोडं रेंगाळल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी दाखवून दिलं की एकमेकांना कधीही न भेटलेली दोन माणसं, सगळ्यांच्या देखत, उघड्यावर काही आकड्यांची देवाणघेवाण करून शेवटी एका अशा आकड्याशी पोचू शकतात जो फक्त त्या दोघांनाच माहीत असेल. ऐकणाऱ्याने शब्दन्‌शब्द टिपून घेतला तरी तो आकडा त्याच्या हाती लागत नाही. पुन्हा पुन्हा गुणाकार करत जाणं सोपं पण उलट वाट अवघड, अशा एका प्रकारच्या गणितावर हे सगळं उभं आहे. मी हे पहिल्यांदा कागदावर छोटे आकडे घेऊन करून पाहिलं आणि दोन्ही बाजूंना तोच आकडा आला तेव्हा अंगावर काटा आला. ब्रिटनच्या गुप्तवार्ता खात्यातल्या गणितज्ञांना हे त्याच्याही आधी सुचलं होतं. सरकारने ते दडवून ठेवलं, १९९७ पर्यंत जगाला कळू दिलं नाही. त्याने काय थांबलं? दुसऱ्या माणसांना ते स्वतंत्रपणे सुचलंच. आज मावशी तिच्या मैत्रिणीला गुडघेदुखीबद्दल संदेश पाठवते तेव्हा त्यामागे हीच क्रिया तिच्या फोनमध्ये घडलेली असते. २०१६ च्या एप्रिलपासून व्हॉट्सॲपवर ती सगळ्यांसाठी आपोआप सुरू आहे. कंपनीकडे किल्ली नाही, कारण किल्ली फोनमध्ये जन्मते आणि फोनमध्येच राहते.

मग सरकार काय मागतं? मागण्यांचं रूप बदलत गेलं आहे. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा एक मसुदा आला होता. त्यात नागरिकांनी आपल्या एन्क्रिप्टेड संवादाची उघडी प्रत ९० दिवस जपून ठेवावी आणि मागितली की दाखवावी, अशी कल्पना होती. मला ते वाचून प्रथम खरंच वाटलं नव्हतं. मावशीने गुडघ्याबद्दलचे संदेश तीन महिने वेगळे लिहून ठेवायचे! लोक इतके खवळले की आधी व्हॉट्सॲप, फेसबुक वगैरे वगळल्याचा खुलासा आला आणि २२ सप्टेंबरला तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रविशंकर प्रसाद यांनी अख्खा मसुदाच मागे घेतला. तेव्हापासून तसं धोरण काही आलं नाही. आली ती २०२१ च्या फेब्रुवारीत माहिती तंत्रज्ञान नियमांतली तरतूद: पन्नास लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या संदेशसेवेने, न्यायालयाचा किंवा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश आला तर, एखादा संदेश पहिल्यांदा कुणी पाठवला हे सांगता आलं पाहिजे. मजकूर दाखवा असं नियम म्हणत नाही, आणि तो फक्त गंभीर गुन्ह्यांपुरता आहे असंही म्हणतो. वाचायला हे वाजवी वाटतं. व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या वकिलांनी तिथे सांगितलं की एन्क्रिप्शन तोडायला लावलं तर आम्हाला इथून जावं लागेल.

या नियमामागे जे दुःख आहे ते मी नाकारूच शकत नाही. ते आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. राईनपाडा, तालुका साक्री, जिल्हा धुळे. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. भिक्षा मागत गावोगाव फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, बहुतेक मंगळवेढ्याकडचे, तिथे आले आणि मुलं पळवणारी टोळी म्हणून जमावाने त्यांना मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारलं. पाचही जण गेले. ज्यांची पोटापाण्याची वाटच अनोळखी गावातून जाते, त्यांना अनोळखी असण्याबद्दल जीव द्यावा लागला. कितीतरी दिवस आधीपासून मोबाइलवर मुलं पळवणाऱ्यांचे व्हिडिओ फिरत होते. त्या काळात माझ्याही एका ग्रुपवर तसा संदेश आला होता आणि कुणीतरी त्याखाली ‘काळजी घ्या’ लिहून हात जोडलेलं चिन्ह टाकलं होतं. राईनपाड्याची बातमी वाचल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न तोच आला जो नियम करणाऱ्यांच्या मनात आला असेल: हे पहिल्यांदा कुणी पाठवलं?

मी त्या प्रश्नाचा माग काढत गेले. त्या वर्षी देशभर सगळ्यात जास्त फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक कराचीत तयार झालेला होता. मोटरसायकलवरून आलेले दोघं रस्त्यावरच्या मुलाला उचलून नेतात आणि लगेच परत आणून सोडतात, एक जण फलक दाखवतो: मुलांवर लक्ष ठेवा. मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जनजागृतीची फिल्म होती ती. कुणीतरी फलकाचा शेवट कापला आणि उरलं ते फिरत राहिलं. आता यातला ‘पहिला’ कोण? ज्याने चांगल्या हेतूने चित्रण केलं तो? ज्याने कापलं तो? ज्याने दुसऱ्या ॲपवरून उतरवून इथे टाकलं तो? नियमात लिहिलंय की मूळ पाठवणारा देशाबाहेरचा असेल तर भारतातला पहिला पाठवणारा हाच पहिला मानायचा. म्हणजे कदाचित एखादी घाबरलेली आई, जिने तो व्हिडिओ खरा समजून आपल्या बहिणीला पाठवला. संदेशाची नक्कल करून नवा म्हणून पाठवला की माग तुटतो आणि नवा ‘पहिला’ तयार होतो. मद्रास उच्च न्यायालयात २०१९ मध्ये आयआयटी मद्रासच्या प्रा. व्ही. कामकोटी यांनी मूळ पाठवणाऱ्याची खूण संदेशालाच जोडण्याचा उपाय सुचवला होता, आणि आयआयटी मुंबईच्या प्रा. मनोज प्रभाकरन यांनी त्यातले धोके लेखी दाखवून दिले. हुशार गुन्हेगार ती खूण खोटी करू शकतो आणि साधा माणूस अडकतो, हा त्यातला मला सर्वांत पटलेला मुद्दा. आणि ही खूण सापडावी म्हणून जपायची कुणाची? आधीच कळत नाही की उद्या कोणता संदेश गुन्ह्यात निघेल. त्यामुळे सगळ्यांच्या सगळ्या संदेशांची.

राईनपाड्यात ज्यांनी मारलं ते चेहरे मात्र व्हिडिओत होते. लोक चित्रीकरण करत होते.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी फक्त पाच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एकाही संदेशाचं कुलूप न उघडता अफवेचा वेग कमी करता येतो हे तेव्हा दिसलं. हे आधीच करायला हवं होतं, आणि ते न केल्याबद्दल कंपनीला मी माफ करू शकत नाही. एन्क्रिप्शनची बाजू घेणं म्हणजे या कंपन्यांची वकिली करणं, असं कुणी समजत असेल तर ते मला मान्य नाही.

किल्ली सरकारपुरतीच ठेवता आली तर? हा प्रश्न मला फार लोक विचारतात, आणि प्रामाणिकपणे विचारतात. मी त्यांना ग्रीसची गोष्ट सांगते. टेलिफोन यंत्रणेत पोलिसांसाठी कायदेशीर टॅपिंगची सोय आधीपासून बसवलेली असते. २००४-०५ मध्ये व्होडाफोन ग्रीसच्या जाळ्यात कुणीतरी शिरलं आणि तीच सोय वापरून शंभराहून जास्त फोन ऐकत राहिलं. त्यात पंतप्रधान कोस्तास करामानलिस यांचा फोन होता, मंत्र्यांचे होते. दार बनवलं होतं राज्यासाठी, वापरलं दुसऱ्याने, आणि ऐकलं गेलं राज्याचंच. याला वीस वर्षं होत असताना तेच अमेरिकेत झालं. १९९४ च्या कायद्याने तिथल्या टेलिकॉम कंपन्यांना टॅपिंगची सोय ठेवणं भाग आहे. २०२४ मध्ये उघड झालं की ‘सॉल्ट टायफून’ या नावाने ओळखली जाणारी, चीनशी जोडली गेलेली हॅकरांची टोळी त्या कंपन्यांत शिरली होती आणि टॅपिंगच्या यंत्रणेपर्यंत पोचली होती. मग डिसेंबरमध्ये अमेरिकी सरकारच्याच सायबर सुरक्षा यंत्रणेने लोकांना सांगितलं की एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असलेले ॲप वापरा. वर्षानुवर्षं एफबीआय या एन्क्रिप्शनविरुद्ध बोलत आली होती. त्याच सरकारवर ही सूचना देण्याची वेळ आली.

आणि समजा किल्ली बाहेर गेलीच नाही, तरी आत ती कशी वापरली जाते याची मला काळजी वाटते. फोन टॅपिंगबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डिसेंबरमध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात मर्यादा घालून दिल्या: आदेश गृहसचिवांचा हवा, आणि तो एका समितीने तपासायला हवा. न्यायाधीशाची परवानगी मात्र तेव्हाही लागली नाही, आजही लागत नाही. डेटा संरक्षणाच्या कायद्यासाठी नेमलेल्या न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात लिहिलं आहे की आदेश तपासणारी ती समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि तिच्यासमोर एका बैठकीत १५ ते १८ हजार आदेश तपासायचं काम असतं. हा आकडा मी वाचला तेव्हा पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले. एका बैठकीत अठरा हजार माणसं! त्यातल्या प्रत्येकाच्या घरी कुणीतरी कुणालातरी ‘गाठ साधी नाही’ असं सांगत असेल. ‘खासगीपण हा मूलभूत हक्क आहे’ असं नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने म्हटलं त्याला, २४ ऑगस्ट २०१७ च्या त्या निकालाला, आता बरीच वर्षं झाली. त्या निकालाने टाकलेली कसोटी या अठरा हजारांपर्यंत पोचलेली मला दिसत नाही.

पोलिसांनी हात बांधून बसावं असं माझं म्हणणं नाही. २०२० मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी ‘एन्क्रोचॅट’ ही टोळ्यांमध्ये लोकप्रिय असलेली सेवा आतून फोडली आणि युरोपभर मोठ्या संख्येने अटका झाल्या. तिथेही आक्षेप आहेत, खटले चालले आहेत. पण त्यासाठी जगातल्या प्रत्येक आजीचा फोन कमकुवत करावा लागला नाही. आपल्याकडेही पंचनामा करून फोन जप्त करता येतो, कॉलच्या नोंदी (सीडीआर) मागवता येतात, खात्यांचा माग काढता येतो. अवघड आहे, वेळखाऊ आहे, आणि त्यासाठी माणसं लागतात.

एवढं सगळं मी ठामपणे बोलते, आणि मग माझी एक मैत्रीण समोर येते. ती अत्याचार झालेल्या मुलांबरोबर काम करते. अमेरिकेतल्या हरवलेल्या व शोषित मुलांसाठीच्या केंद्राकडे इंटरनेट कंपन्यांकडून तक्रारी जातात, २०२३ मध्ये त्या ३ कोटी ६० लाखांच्या वर होत्या. २०१९ पासून भारताशी संबंधित तक्रारी एनसीआरबी या केंद्राच्या गुन्हे नोंद विभागामार्फत आपल्या पोलिसांकडे येतात. त्यातल्या काहींमुळे खरी मुलं खऱ्या घरांतून सोडवली जातात. कंपनीला संदेशातला मजकूर दिसेनासा झाला की त्यातल्या काही तक्रारी कधी जन्मालाच येणार नाहीत. इथे मावशीसारखं नसतं. इथे टोकाला बसलेलं मूल तक्रार करू शकत नाही, बऱ्याचदा त्याला बोलताही येत नसतं. मैत्रीण मला विचारते, तुझ्या त्या सुंदर गणितात या मुलीची जागा कुठे आहे? मी तिला टोलवून लावत नाही. ती म्हणते ते खरं आहे. बळकट एन्क्रिप्शन राहिलं तर काही गुन्हे दिसायचे राहतील, काही माणसं सुटतील. ही किंमत आहे, आणि ती मोजणारी मी नसेन, ते मूल असेल. हे लिहिताना मला बरं वाटत नाही.

तरीही मी तिच्या बाजूला जाऊ शकत नाही. ती म्हणते, फोनमध्येच तपासणी बसवा, संदेश कुलूपबंद होण्याआधी फोटो तपासा. ॲपलने २०२१ च्या ऑगस्टमध्ये हेच जाहीर केलं होतं आणि तज्ज्ञांच्या विरोधानंतर पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये ते सोडून दिलं. युरोपीय आयोगाने २०२२ च्या मेमध्ये मांडलेला प्रस्ताव अशाच तपासणीकडे नेणारा होता, आणि त्यावर तिथे जोरदार भांडण झालं आहे. मी तिला सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाची हकिकत वाचायला दिली, जी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. लहान मुलाच्या गुप्तांगाला सूज आली म्हणून, डॉक्टरांकडून सांगितलं गेलं तसा, त्याने फोटो काढला. गूगलच्या यंत्रणेने तो अत्याचाराचा ठरवला. त्याचं खातं बंद झालं, पोलीस चौकशी झाली, पोलिसांनी त्याला निर्दोष ठरवलं आणि तरी खातं परत मिळालं नाही. मैत्रीण म्हणाली, एका बापाचं खातं विरुद्ध एका मुलीचं आयुष्य, तू काय निवडशील? प्रश्न असा मांडला की मी हरते. पण एकदा प्रत्येक फोनमध्ये तपासनीस बसवला की त्याने काय शोधायचं याची यादी कुणीतरी ठरवणार, आणि ती यादी आज मुलांच्या फोटोंची असेल तर उद्या मोर्च्याच्या पत्रकाची असू शकते. ते फोनमध्ये बसलेल्या यंत्रणेला कळणार नाही, आणि आपल्यालाही दिसणार नाही. आणि ज्यांना खरोखर लपायचंय ते दुसरं ॲप वापरतील, स्वतः लिहितील. ते गणित आता पाठ्यपुस्तकात आहे.

तिच्या संस्थेला या विषयावर एक टिपण तयार करायचं आहे. विरुद्ध बाजू तू लिही, असं तिनेच मला सांगितलं. मी लिहिलं आहे. कुणाच्याही फोनमध्ये किंवा खात्यात शिरायचं असेल तर आदेश न्यायाधीशाचा असावा. असे किती आदेश निघाले आणि किती नाकारले गेले याचा आकडा दर वर्षी विधिमंडळासमोर आणि संसदेसमोर यावा. तक्रार आल्यावर फोन आणि संगणक तपासणाऱ्या प्रयोगशाळांत, आणि सायबर ठाण्यांत, पुरेशी माणसं असावीत, म्हणजे चळतीतली फाईल महिनोन्‌महिने तिथेच राहणार नाही. भाड्याने दिलेल्या खात्यांबद्दल बँकांना जबाबदार धरावं. आणि कुणाकडेही, सरकारकडेही, सगळ्यांची किल्ली नसावी. मैत्रिणीने पहिल्या चार मागण्यांवर बरोबरची खूण केली आहे. शेवटच्या ओळीखाली तिने लाल पेनाने रेघ मारून बाजूला ‘नाही’ लिहिलंय, आणि आम्ही दोघींनी मिळून असं ठरवलंय की टिपणात ती ओळही जाईल आणि तिचं ‘नाही’ही जाईल.